सहा सेल आणि राहूचा नाकतोडा

नोकरी कसली केलीत असं कुणी विचारलं की मी सांगतो, ऐकायची. समोरच्याला वाटतं टेलिफोनात होतो. मग खुलासा करावा लागतो की मी नाकतोड्यांची गाणी ऐकत होतो, आणि त्याचा पगार मिळत होता. इथे बहुतेक लोक विषय बदलतात. बायकोकडचे लोक तर अजूनही मी 'शेतकी खात्यात' होतो असंच सांगतात, आणि मी त्यांना अडवत नाही.

आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. वडील, म्हणजे दादा, दौंडला रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंटमन. शिकलो शिरूरच्या मिशनच्या शाळेत, बोर्डिंगात राहून, आणि पुढं पुण्याला. पदवीचा कागद आणला तेव्हा दादांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावर रेल्वेचा पास मिळतो का?" मिळत नव्हता. तरी त्यांनी तो काच लावून भिंतीवर ठोकला. मला त्या कागदाचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजात आमचे साहेब किड्यांवर संशोधन करत. त्यांच्या योजनेत एक हंगामी जागा निघाली. मुलाखतीत त्यांनी प्राणिशास्त्राचा एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "गाता येतं?"

"चर्चच्या कॉयरमध्ये गातो, सर."

त्यांनी टेबलावरच्या एका जाळीच्या डबीकडे बोट दाखवलं. "काही ऐकू येतंय?"

डबीतला किडा तर खोली डोक्यावर घेत होता. मी म्हटलं, "सर, केवढ्यानं ओरडतोय!"

साहेब जरा वेळ डबीकडे बघत राहिले. "ओरडतोय ना? मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. उद्यापासून या."

वय झालं की माणसाच्या कानाची वरची बाजू आधी जाते, म्हणजे बारीक, उंच आवाज आधी बंद होतात. साहेबांनी आयुष्यभर ज्या किड्यांचा अभ्यास केला नेमके तेच त्यांच्यासाठी मुके झाले होते. म्हणून त्यांना पदवीधर कान हवा होता, आणि तो मी होतो.

आता हा किडा कोणता ते सांगतो. शेतात उड्या मारणारा आखूड मिशांचा नाकतोडा सगळ्यांना माहीत आहे. आमचा त्यातला नव्हे. आमच्याच्या मिशा केसासारख्या बारीक आणि अंगापेक्षा लांब, रंग गवताचा. दिसायला नाकतोडा, पण नात्यानं रातकिड्याच्या जवळचा. तोंडावळ्यावरून नातं जोडू नये हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो. नराच्या एका पंखाखाली बारीक दात्यांची पट्टी असते, दुसऱ्या पंखाची कड तो तिच्यावर घासतो. फणीवरून नख ओढा, म्हणजे कळेल. हे सगळं मादीसाठी. मादी गप्प असते, पण आपल्या जातीचं गाणं बरोबर ओळखते आणि त्याच्या दिशेनं चालत जाते. दुसऱ्या जातीचा कितीही छान गायला तरी ढुंकून बघत नाही. आणि ती ऐकते कशानं, तर पुढच्या पायांनी. कान तिथं, गुडघ्याखाली.

हे मी राहू गावच्या ज्ञानोबा आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या भावकीत अक्कल गुडघ्यात असलेली लई हायती. पर कान म्हंजी नवीनच."

काम असं असे. पावसाळा ओसरला की दिवस कलताना बांधावर जायचं. एक किडा गायला लागला की तोंड उघडं ठेवून, श्वास दाबून एक-एक पाऊल टाकायचं. चाहूल लागली की तो बंद. मग बगळ्यासारखं एका पायावर उभं राहायचं, तो पुन्हा सुरू होईस्तोवर. जवळ गेलं की यंत्र सुरू करायचं. यंत्र म्हणजे साहेबांनी परदेशातून आणलेला, सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. भरलेल्या घमेल्याएवढं वजन. आधी आपण बोलायचं : गाव, वेळ, तपमान. तपमान महत्त्वाचं, कारण उकाड्यात हा किडा भरभर गातो, गारठ्यात संथ. मग गाणं भरायचं, मग गाणारा पकडून डबीत घालायचा, म्हणजे कुणाचं गाणं हा वाद नको.

एकदा न्हावऱ्याहून शिरूरला एस्टीनं येताना, संध्याकाळची वेळ, माझ्या पिशवीतल्या डबीत एकानं सूर लावला. ड्रायव्हरनं कान टवकारले, गाडी बाजूला घेतली. "बेरिंग गेलं." कंडक्टर उतरला, चार जाणते प्रवासी उतरले, चाकांना हात लावून बघू लागले. गाडी थांबली तसा किडाही थांबला. निघाली की पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा गाडी थांबल्यावर मी उभा राहून कबूल केलं. कंडक्टरनं डबी बघितली, मला बघितलं. "शिकल्याला दिसताय." मी म्हटलं, "बी.एस्सी." तो ड्रायव्हरला ओरडला, "चला, बेरिंग बी.एस्सी. हाय!" शिरूर येईस्तोवर गाडी हसत होती.

असो. आता मूळ गोष्ट.

साहेबांचा एक सिद्धान्त होता. आमच्या अभ्यासातल्या एका किड्याचे पंख नखाएवढे. वाजवायला पुरतात, उडायला नाही. तो शिरूर तालुक्यात न्हावऱ्याकडे होता आणि दौंड तालुक्यात राहूकडेही. मध्ये भीमा. साहेब म्हणत, ज्याला उडता येत नाही तो नदी ओलांडणार कसा? पिढ्यान् पिढ्या दोन काठांवर वेगळे राहिले तर आधी गाणं बदलेल. गाणं बदललं की मादी परक्याकडे जाणार नाही. म्हणजे अंगानं हुबेहूब सारखे, पण जाती दोन. हे सिद्ध झालं तर परदेशात निबंध छापून येणार होता, आणि त्या निबंधाच्या जोरावर माझी जागा कायम करून मागता येणार होती. साहेब हे मला दर आठवड्याला सांगत. मी ते दर रविवारी दौंडला जाऊन दादांना सांगे.

न्हावऱ्याला माझा मुक्काम तात्यांच्या वस्तीवर, राहूला आबांच्या. आबा म्हणजे मोठा बागायतदार, गावच्या राजकारणातला माणूस. आणि आवाज! त्यांनी बैलाला हाक मारली की नदीपलीकडचे बैलसुद्धा वळत. पहिल्या दिवशी मी त्यांना सिद्धान्त समजावला.

आबा म्हणाले, "म्हंजी हितला आन् न्हावऱ्याचा, चुलतभाऊ?"

"व्हय आबा. आदी एकच कुळी. मधी नदी आली. बोलणं बदललं, सोयरीक तुटली."

"वाटणी कवा झाली?"

"साहेब म्हणत्यात, लाख वर्षं तरी झाली आसतील."

आबांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "कागद झालाय का?"

"न्हाई."

"मंग आज ना उद्या भांडणं व्हनार."

न्हावरे आधी केलं, महिन्याच्या सुरुवातीला, कोऱ्या सेलवर. यंत्राला सहा सेल लागत आणि योजनेतून महिन्याला सहाच मिळत. राहूला पोचलो तेव्हा ते दमले होते. मी साहेबांना पत्र टाकलं. उत्तर आलं, "काटकसर करावी." आता आपल्याकडे दमलेल्या सेलचं काय करतात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. उन्हात घालतात. आबांच्या घरच्या काकूंनी अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्यांच्या शेजारी मी सेल मांडले. काकू शेंगा खालीवर करताना सेलही खालीवर करत. संध्याकाळपर्यंत सेल गरम, यंत्र सुरू. असं मी आठवडाभर केलं. भरलेलं लगेच वाजवून बघायचो. गाणं ठीक, माझा आवाज ठीक. राहूचा सगळा माल घेऊन मी पुण्याला परतलो.

दिवाळीनंतर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. असा आनंदलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. ते फीत निम्म्या वेगानं लावत. त्यानं आवाज जाड होतो, मग त्यांना ऐकू येई आणि मोजता येई. बोलण्याचा भाग सोडून ते थेट गाण्यावर जात. तपमान जमेला धरूनही राहूचा किडा न्हावऱ्याच्या सव्वापट वेगानं गात होता. आणि पट्टीही चढी. "दोन जाती!" साहेब म्हणाले. "नावात राहू घालू. गावाला कळवा."

मी एक कार्ड आबांना टाकलं आणि एक दादांना. दुसऱ्या आठवड्यात आबांचं उत्तर आलं, "सत्कार ठेवलाय. साहेबाला घेऊन या. ते यंत्र आणा. गावाला किडा ऐकवायचा हाय."

मांडव घातला होता. मोटारीच्या बॅटरीवर चालणारा लाऊडस्पीकर दौंडहून आणला होता. पहिल्या रांगेत दादा, स्टेशनमास्तरांचा मागून आणलेला कोट घालून. त्यांनी मला बाजूला घेऊन कागदाची पुडी दिली. सहा कोरे सेल. "म्हनलं, समारंभाला जुनं नको."

आबांनी माझ्या कपाळाशी गंधाचं बोट आणलं आणि थबकले. "मास्तर, तुमच्यात चालतं का?" मी म्हटलं, "आज चालतंय, आबा." शाल, नारळ, हार. आबांचं भाषण झालं. भीमेच्या अलीकडचा किडा पलीकडच्यापेक्षा चलाख निघाला ह्यात आम्हाला नवल वाटलं न्हाई, हा त्याचा गाभा होता, आणि टाळ्या त्यालाच पडल्या. साहेब मान डोलावत होते. त्यांच्या पिशवीत निबंधाचं पाकीट होतं, परतताना पुण्याच्या मोठ्या पोस्टात टाकायचं.

मग मी दादांचे सेल घातले, यंत्र माईकसमोर धरलं आणि कळ दाबली.

आधी एक शाळकरी मुलगी बोलली, "राहू, नदीकाठ, वेळ सव्वासहा." मला कळेना ही कोण. मग त्या मुलीला खोकला आला, आणि तो खोकला माझा होता. लोक हसू लागले. एवढ्यात मागून, लांबून, एक म्हातारी किंचाळली, "ए सर्ज्याऽऽ, फिर मागं! फिर म्हनतो न्हवं!"

सगळा मांडव आडवा झाला. गावानं आबांचा तो दरारा वर्षानुवर्षं सोसला होता, आणि आता तो बोळक्या तोंडाच्या आजीच्या गळ्यातून येत होता. एक जण ओरडला, "आबा, सर्ज्या ह्या आवाजाला वळला कसा?" काकू पदर तोंडात कोंबून खांबाआड गेल्या. आबांचे कान लाल. मग किड्यानं सूर लावला, भरभर, चढा. लोकांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या.

मला हसू आलं नाही. शाल घेतलेल्या अंगाला घाम फुटला. मी कॉयरमध्ये गाणारा माणूस, पट्टी चढलेली मला लगेच कळते. आबा सव्वापट, मी सव्वापट, किडा सव्वापट. आम्ही तिघं काही लाख वर्षांत वेगळे झालो नव्हतो. उन्हात वाळवलेले सेल फीत हळू ओढत होते. भरताना फीत हळू सरकली आणि ऐकताना पुरत्या वेगानं पळाली, की आवाज घाईत आणि चढा येतो. राहूला मी वाजवून बघत होतो ते त्याच दमलेल्या सेलवर, म्हणून ते बरोबर वाटत होतं.

आणि साहेबांना यातलं काही कळलं नव्हतं. यंत्र माईकसमोर धरलं की आवाज असाच येतो, असं समजून ते लोकांबरोबर हसत होते.

जेवणाच्या पंगती बसल्या. मी दादांना मांडवामागं नेलं. त्यांच्या हातात जिलबीचं पान होतं.

"दादा, किडा नवा न्हाई. सेल जुने व्हते."

त्यांना सगळं समजलं असेल असं नाही. पण पॉइंटमनला एवढं कळतं की चुकीच्या रुळावर गाडी गेली आहे. त्यांनी विचारलं, "सायबाला ठावं हाय?"

"न्हाई. कुणालाच न्हाई. आन् ते पाकीट गेलं तर माझी जागा कायम हाय, दादा."

भिंतीवरच्या कागदाचा विचार त्यांच्या मनात आला की नाही, मला माहीत नाही. माझ्या मनात आला. मग दादा म्हणाले, "जा, सांग. मी हितंच हाय. जिलबी धरून ठेवतो."

साहेब बाजेवर बसून बुंदी खात होते. मी सांगितलं. ते चमचा खाली ठेवून म्हणाले, "उन्हात? किती वेळा?"

"रोज, सर. आठवडाभर."

"माझ्याकडे का मागितले नाहीत?"

"मागितले होते, सर. आपण काटकसर करावी असं लिहिलंत."

साहेबांनी विचारलं, "फितीवरची ती हाक खरंच आबांची होती?"

त्याच वेळी आबांनी वाढप्याला हाक मारली. साहेबांच्या ताटातली बुंदी हलली. साहेबांनी पिशवीतलं पाकीट काढलं, त्याच्यावर हात फिरवला आणि आत ठेवलं. "थंडी वाढतेय. आठ दिवसांत नर संपतील. हे सेल कोरे आहेत ना?"

त्या संध्याकाळी आम्ही राहूच्या बांधावर बसलो. साहेब धोतराचा सोगा खोचून चिखलात, मी यंत्राशी. "गातोय?" ते विचारत. "गातोय, सर." दुसऱ्या दिवशी नावेनं नदी ओलांडून, पुढं एस्टीनं न्हावरे. तेच सेल, तशीच हवा. पुण्याला फिती लावल्या, ह्या वेळी साहेबांनी मला शेजारी बसवलं, आणि सुरुवातीचं बोलणंही ऐकलं. दोन्हीकडचं गाणं एक. दाता-दात्याला सारखं. नदीनं वाटणी केलीच नव्हती; पुरात वाहून आलेल्या काट्याकुट्यांवर बसून हे लोक केव्हापासून येत-जात असावेत, असं साहेब म्हणाले.

निबंधाचा मथळा खोडला गेला. खोडताना साहेब म्हणाले, "नवी जात सापडली असती तर तुमच्यासाठी भांडलो असतो. जुनी जात जुनीच आहे, ह्यावर काय मागू?" मला महिन्याला दोन डझन सेल मंजूर झाले आणि मी आणखी पाच वर्षं हंगामी राहिलो. पुढं कायम झालो, तेही साहेबांच्याच हातून. पण त्या पाच वर्षांत दादा निवृत्त झाले, आणि मुलगा कायम आहे असं त्यांना स्टेशनात सांगता आलं नाही. ही माझी एकच रुखरुख आहे.

आबांना सांगायला मी स्वतः गेलो. शाल परत द्यायला घडी करून घेतली होती. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी त्यो म्हातारीचा आवाज माझा न्हवता?"

"न्हाई आबा. सेलचा व्हता."

"हे गावाला माईकवर सांगायला याल का?"

त्यांना किड्याचं काही पडलं नव्हतं. शाल त्यांनी परत घेतली नाही.

बातमी न्हावऱ्याला पोचली, आणि तात्यांचं पत्र आलं. मजकूर मला अजून पाठ आहे : किडा एकच आहे असं तुम्हीच म्हणता, तर मग सत्कार राहूला एकट्याला का? आमच्या किड्यानं काय घोडं मारलंय? रविवारी या.

मी नाही म्हणायला गेलो आणि मांडव घातलेलाच होता. दादा दौंडहून आले होते, त्याच कोटात. मी माईकसमोर उभा राहिलो आणि मनाशी ठरवलं होतं तसं स्वच्छ सांगितलं : "मी कुठलाही नवा किडा शोधलेला नाही. माझी चूक झाली होती. ती मी दुरुस्त केली. एवढंच माझं काम."

टाळ्या राहूपेक्षा जास्त पडल्या. मला भरून आलं. कुठंतरी प्रामाणिकपणाची कदर आहे, असं वाटलं. मी खाली बसणार तोच तात्यांनी माझी बाही ओढली आणि माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "लई झ्याक बोलला, मास्तर. आता एक वाक्य वाढवा. राहूचा पहिला नंबर गेला, असं नाव घेऊन सांगा. त्यासाठी तर मांडव घातलाय!"